कर्करोग्याची शुश्रूषा : विचारणे आणि वदवून घेणे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना शिष्यवृत्त्या देण्याच्या प्रसंगी केलेले भाषण)



कर्करोग्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेस कोणते ज्ञान अवश्य असावे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. परंतु २०१३ पासून २०१७ पर्यंत आमची पत्नी या रोगाने आजारी होती, आणि त्या चार वर्षांत रुग्णालयातील खाटेजवळचे स्टूल हेच आमचे आसन झाले होते. शिक्षकाच्या सवयीने आम्ही एक वही ठेविली होती. परिचारिका काय करतात, का करतात, हे विचारावे आणि लिहून ठेवावे, असा आमचा परिपाठ होता. हे भाषण देण्यापूर्वी ती वही आम्ही एका अनुभवी परिचारिकाबाईंना दाखविली. त्यांनी आमची चुकलेली उत्तरे लाल शाईने दुरुस्त करून दिली. तेव्हा येथे जे बरोबर असेल त्याचे श्रेय त्यांचे, आणि मांडणीतील दोष आमचे, असे समजावे.

मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, त्या काळी या रोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हीच मुख्य साधने होती. पुढे शिरेतून द्यावयाची औषधे आली, ज्यांस आपण सर्वजण केमोथेरपी म्हणतो. आज कित्येक रोगी सकाळी येऊन औषध घेतात आणि सायंकाळी घरी परततात. म्हणजे औषध रुग्णालयात मिळते, पण त्याचा परिणाम घरी भोगावयाचा असतो, आणि तेथे ना वैद्य असतो ना परिचारिका. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, परिचारिकेच्या डोक्यात किती ज्ञान आहे एवढ्याने भागत नाही. त्यातील किती ज्ञान रोग्याबरोबर घरी जाते, आणि रोग्याच्या मनातील किती गोष्टी ती बाहेर काढू शकते, यावर रोग्याचे हित अवलंबून असते.

हे आम्ही पुस्तक वाचून सांगत नाही. दुसऱ्या वेळच्या औषधानंतर दहाव्या दिवशी सायंकाळी सात वाजता आमच्या पत्नीस हुडहुडी भरली. ताप पाहिला तो १०१ अंश. आम्ही घरातील पॅरासिटामॉलची गोळी दिली, वर दोन घोंगड्या घातल्या. तासाभरात ताप उतरला, तिला घाम आला, आणि आम्ही देवापुढे हात जोडून स्वस्थ झोपलो. पहाटे पाहतो तो हातपाय गार, बोलणे असंबद्ध. जीप करून रुग्णालयात पोहोचेपर्यंत नऊ वाजले. तेथील परिचारिकेने विचारले, "काका, ताप पहिल्यांदा केव्हा आला?" आम्ही म्हणालो, "काल सायंकाळी सात वाजता." तिने भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले, काही न बोलता वेळ लिहून घेतली, आणि कामाला लागली. पत्नी वाचली, पण अकरा दिवस तिने मृत्यूशी झुंज दिली. ती रात्र आमची होती आणि ती चूकही आमचीच होती.

त्या चुकीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी करितात. बहुधा औषधानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान त्यांची संख्या सर्वांत खाली जाते. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी होत. पू, सूज, लाली ही जी जंतुसंसर्गाची नेहमीची लक्षणे, ती याच पेशींच्या लढाईने उत्पन्न होतात. पेशीच नसल्या म्हणजे ही लक्षणेही दिसत नाहीत, आणि घरात चोर शिरल्याची वर्दी देणारा एकटा ताप उरतो. तो ताप गोळीने उतरविणे म्हणजे वर्दी देणाऱ्याचेच तोंड बंद करणे होय. म्हणून नियम असा की, केमोथेरपी घेतलेल्या रोग्यास १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप आल्यास दिवस असो वा रात्र, तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचल्यावर तासाभराच्या आत प्रतिजैविक औषध शिरेतून सुरू झाले पाहिजे. कधीकधी ताप न येताही नुसती थंडी वाजते किंवा रोगी एकाएकी मलूल होतो, तेही तितकेच गंभीर मानावे.

आता कोणी विचारील, हे आम्हांस आधी कोणी सांगितले नव्हते काय? सांगितले होते, असे म्हणावे लागेल. घरी सोडताना एक छापील कागद हाती दिला होता. तो इंग्रजीत होता, अक्षर बारीक होते, आणि देणाऱ्या बाईंच्या मागे आणखी वीस रोगी रांगेत उभे होते. कागद दिला आणि आम्ही घेतला. दोन्ही पक्षी काम झाले, पण ज्ञान मात्र कोठेच पोहोचले नाही.

अकराव्या दिवशी निघताना त्या दुसऱ्या परिचारिकेने काय केले ते ऐका. ती स्टूल ओढून आमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, रात्री दोन वाजता काकूंना ताप आला, तर तुम्ही काय करणार, ते मला सांगा." आम्ही सांगितले. "आणि गोळी?" आम्ही म्हणालो, "तुम्हांला विचारल्यावाचून देणार नाही." "आणि आल्यावर दारातच काय सांगणार?" "रोग्यास केमोथेरपी चालू आहे, हे पहिल्या वाक्यात सांगणार." असे तिने तीन वेळा आमच्याकडून वदवून घेतले. आम्ही जन्मभर मुलांकडून पाढे वदवून घेतले, पण विद्यार्थी होण्याची ही पाळी साठीच्या उंबरठ्यावर आली. कन्यांनो, शिकविले म्हणजे शिकले असे नव्हे. "समजले ना?" या प्रश्नास आपल्या समाजात एकच उत्तर आहे, ते म्हणजे "हो". म्हणून तसे कधी विचारू नका. "तुम्ही काय करणार ते सांगा," असे विचारा.

आता जे ज्ञान तुमच्या हातात हवे त्याविषयी थोडे सांगतो. शिरेतून औषध देण्यापूर्वी रोग्याचे नाव, औषधाचे नाव, मात्रा आणि मार्ग या गोष्टी दोन जणींनी स्वतंत्रपणे ताडून पाहाव्यात. शेजारच्या बाई घाईत असल्या तरी ही पायरी गाळू नये. विन्क्रिस्टिन नावाचे औषध शिरेतून रोग्यास तारते, आणि तेच चुकून मणक्यातून दिले गेले तर प्राण घेते, एवढे एक उदाहरण पुरे आहे. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता लहान पिशवीतून द्यावे, म्हणजे चुकीच्या जागी जाण्याची शक्यता राहत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे.

डॉक्सोरुबिसिन नावाचे एक औषध आहे. ते दिसण्यास तांबडे असल्याने रोगी त्यास "लाल औषध" म्हणतात. ते शिरेबाहेर मांसात झिरपले, तर तेथील मांस मरते आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. रोगी "आग होते" असे म्हणाला, तर "थोडे सोसा" असे उत्तर कदापि देऊ नये. औषध तत्क्षणी थांबवावे, सुई मात्र काढू नये, तिच्यातूनच जितके औषध परत ओढता येईल तितके ओढून घ्यावे, जागा चोळू नये, आणि वैद्यास बोलवावे. या तांबड्या औषधास थंड शेक लागतो, तर विन्क्रिस्टिनला गरम. हा भेद पाठ असावा. आमच्या पत्नीने एकदा आग सोसली, कारण सिस्टर कामात आहेत, त्यांना कशाला त्रास, असे तिला वाटले. सुदैवाने शेजारच्या खाटेवरील मुलीने हाक मारली. सोशीकपणा हा आपल्या बायकांचा गुण म्हणून आपण फार वाखाणतो, पण त्या खाटेवर तो दोष ठरतो, हे तुम्ही त्यांना औषध सुरू करण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

औषधानंतर साधारण दोन दिवस रोग्याच्या मलमूत्रातून व वांतीतून औषधाचा अंश बाहेर पडतो. ते हाताळताना हातमोजे घालावेत, आणि घरच्या माणसांनाही तसे सांगावे. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. ही काळजी औषधाची आहे, रोगाची नव्हे. कर्करोग हा शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी निजल्याने होत नाही. आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित घरात आजीचे पेले-ताट वेगळे ठेविले होते आणि नातवंडांना तिच्या मांडीवर बसू देत नसत. ती आजी रोगापेक्षा त्या वेगळ्या ताटाने अधिक खंगली. परिचारिकेने घरच्या मंडळींदेखत रोग्याचा हात हातात घेतला, तर अशी भीती व्याख्यानावाचून दूर होते.

तोंड आले असता मऊ ब्रशाने दात घासणे, उकळून निवविलेल्या पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून वारंवार चुळा भरणे, तिखट व गरम वर्ज्य करणे, या गोष्टी साध्या आहेत, पण त्यांवाचून रोग्याचे अन्न तुटते. किरणोपचार चालू असता त्या जागेवरील खुणा पुसू नयेत, जागा चोळू नये, सैल सुती वस्त्र घालावे, आणि विचारल्यावाचून कोणताही लेप लावू नये. जखमेस दुर्गंधी येत असेल, तर नाक मुरडू नये. मेट्रोनिडाझोल या औषधाची पूड जखमेत घातल्याने ती दुर्गंधी पुष्कळ कमी होते. रोगी लोकांत बसू शकतो, आणि हे काही लहान सुख नव्हे.

आता वेदनेकडे येतो. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या बाई प्रथम परिचारिका होत्या. पुढे वैद्यकाचा अभ्यास करून त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषालय काढिले. मरणोन्मुख रोग्याची वेदना केवळ देहाची नसते, ती मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीही असते, आणि चारही मिळून एकच वेदना होते, हा विचार त्यांनी जगास दिला. आपल्याकडे मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांति आवेदना सदन सुरू झाले, ते या प्रकारचे भारतातील पहिले शुश्रूषालय होय.

वेदना मोजण्याचे यंत्र नाही. रोगी सांगेल तितकी ती आहे, असेच मानावे लागते. परिचारिका शून्य ते दहा यांपैकी आकडा विचारतात. आमच्या पत्नीच्या शेजारी एक ऐंशी वर्षांच्या आजी होत्या, त्यांना हे आकडे काही उमगेनात. तेव्हा रात्रपाळीच्या मुलीने विचारले, "आजी, रुपयातले किती आणे दुखते?" आजी तत्काळ म्हणाल्या, "बारा आणे, बाई. काल चौदा होते." त्या दिवसापासून आजींच्या तक्त्यावर आण्यांत नोंद होऊ लागली, आणि खाली त्यांचा हिशेब करून आकडा लिहिला जाई. आम्हांस विचाराल तर हे उत्तम अध्यापन होते. विद्यार्थ्यास येते त्या भाषेत प्रश्न विचारावा.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे औषध आहे. त्याच्या नावाने आपली माणसे घाबरतात. व्यसन लागेल, किंवा मॉर्फिन दिले म्हणजे शेवट आला, असे त्यांस वाटते. वैद्याच्या देखरेखीखाली वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने असे व्यसन क्वचितच लागते, आणि ते मरणाची चिठ्ठीही नव्हे. ते शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यावर द्यावयाचे असते. वेदना उसळण्याची वाट पाहून नव्हे, तर ती उसळू नये म्हणून. साधी गोळी असेल तर सहसा दर चार तासांनी देतात. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी येते, ती बहुधा ओसरते. परंतु मलावरोध मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच रेचक द्यावे लागते. रोगी नेहमीपेक्षा फार गुंगीत दिसला आणि श्वास मंदावला, तर वैद्यास लगेच कळवावे. १९८५ च्या कायद्याने मॉर्फिन मिळणे फार दुष्कर झाले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती होऊन परवान्याची वाट बरीच सुगम झाली. कायद्याने दार उघडले असले, तरी घरच्या माणसांच्या मनातील दार उघडणे तुमच्याकडेच आहे.

२०१६ साली आमच्या पत्नीचा रोग हाडांत व मणक्यात उतरला. तेव्हा परिचारिका प्रत्येक खेपेस दोन प्रश्न विचारीत. "पायांत जोर आहे ना? लघवी झालेली कळते ना?" आम्हांस ते प्रश्न विचित्र वाटत. पुढे समजले की, पाठदुखी वाढून पाय लुळे पडू लागणे किंवा लघवीवरील ताबा जाणे म्हणजे मज्जारज्जूवर दाब आला आहे. त्याच दिवशी उपचार झाले तर पाय वाचण्याची आशा असते, उशीर झाला तर बहुधा कायमचे अंथरूण. हेही असे लक्षण आहे की, जे विचारल्यावाचून रोगी सांगत नाही, कारण त्यास लाज वाटते.

या सुमारास आम्ही आणि आमच्या मुलांनी मिळून ठरविले की, रोग हाडांत गेल्याचे तिला कळू द्यावयाचे नाही. आम्ही खाटेजवळ हसून बोलत असू आणि बाहेर येऊन डोळे पुशीत असू. एके रात्री परिचारिकेने तिला विचारले, "काकू, तुमच्या दुखण्याविषयी तुम्हांला काय वाटते?" ती उत्तरली, "मला सारे ठाऊक आहे ग. पण ह्यांना कळले तर ते खचतील, म्हणून मी बोलत नाही." श्रोतेहो, बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही प्रथमच एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होतो. त्या मुलीने स्वतः होऊन काही उघड केले नाही, कारण निदान सांगणे हे वैद्याचे काम. पण ती खोटेही बोलली नाही. तिने आम्हांस आत बोलाविले, पडदा ओढला आणि म्हणाली, "काकांशी तुम्हीच बोला." त्या रात्री पत्नीने आम्हांस पुष्कळ सांगितले. धाकट्या सुनेस कोणते लुगडे द्यावे, कोणाचे उसने फेडावयाचे राहिले आहे, आणि शेवटी, "मला घरी न्या." त्या एका प्रश्नावाचून हे सारे तिच्याबरोबर गेले असते.

आम्ही तिला घरी नेले. दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे शय्याव्रण होत नाहीत. ओठ ओल्या कापसाने टिपावेत. अन्न नको म्हटल्यास कोंबू नये, कारण देह मिटत असता भूकही मिटते, ती उपासमार नव्हे. रोगी निपचित असला तरी त्यास ऐकू येत असेल असे समजूनच बोलावे. हे सर्व आम्हांस शिकवून, आणि अर्थातच वदवून, पाठविले होते. २०१७ साली, आपल्या माणसांत, वेदनेवाचून ती गेली. आमच्या दुःखात एवढे समाधान राहिले, आणि ते आम्हांस परिचारिकांनी दिले.

आता ज्ञातिबांधवांस दोन शब्द. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी स्त्रियांच्या परिचर्याशिक्षणाचा पुरस्कार केला, तेव्हा सभ्य म्हणविणाऱ्या घरांनी नाके मुरडली होती. त्यास शंभर वर्षे होऊन गेली. तरीही आमच्या वधूवर सूचक मंडळाच्या बैठकीत "मुलगी चांगली आहे, पण नर्स आहे, रात्रपाळी असते," हे वाक्य गेल्याच वर्षी आमच्या कानांवर आले. ते वाक्य बोलणाऱ्या गृहस्थांची माताही अशाच एका रात्रपाळीच्या मुलीच्या हातून पाणी पिऊन गेली, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही तेव्हा गप्प बसलो. आज भर सभेत सांगतो की, ते आमचे चुकले. रात्री दोन वाजता जी जागी असते, तिच्यामुळेच कोणाची तरी सकाळ होते.

कार्यकारी मंडळास आमची एवढीच विनंती आहे की, शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती न ठेवता शिक्षण पूर्ण होईपर्यंत द्यावी, आणि तापाविषयीचा तो नियम मोठ्या अक्षरांत, मराठीत छापून प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावा. आणि तो केवळ आपल्याच घरी थांबू नये. ज्या मुलीने आम्हांस तीन वेळा उत्तर वदवून घेतले, तिची जात आम्ही विचारली नाही आणि तिनेही आमची विचारली नाही. शेजारी जो कोणी आजारी असेल, त्यास तो कागद वाचून दाखवावा.

कन्यांनो, तुमच्या परीक्षेत पुष्कळ प्रश्न येतील आणि त्यांची उत्तरे तुम्ही लिहाल. पण खाटेजवळ गेल्यावर प्रश्न तुम्ही विचारावयाचे असतात. विचारा, सांगेल त्यावर विश्वास ठेवा, आणि घरी पाठविताना वदवून घ्या. तुम्हां सर्वांस आमचे मनःपूर्वक आशीर्वाद.